एसएमएमयूच्या आभासी कमांड क्यूंसाठी लिनक्स ड्रायव्हर लिहिताना

नेटवर्क कार्ड, एनव्हीएमई डिस्क किंवा जीपीयू यांच्याकडून डीएमए, म्हणजे प्रोसेसरला वळसा घालून मेमरीशी थेट देवाणघेवाण, होताना त्यांनी दिलेल्या पत्त्याचे भौतिक पत्त्यात रूपांतर करण्याचे काम आर्म प्रोसेसरांवर एसएमएमयू हा घटक करतो. एखादे मॅपिंग काढून टाकल्यावर टीएलबीत, म्हणजे झालेली रूपांतरे जपणाऱ्या कॅशमध्ये, उरलेली त्याची जुनी नोंद रद्द करावी लागते आणि त्यासाठीची कमांड कर्नल मेमरीतल्या एका चक्राकार क्यूमध्ये लिहितो. एसएमएमयूव्ही३ मध्ये प्रत्येक कमांड १६ बाइटची असते. कर्नलने ती लिहून ‘प्रॉड’ हे रजिस्टर पुढे सरकवायचे आणि हार्डवेअरने ती पार पाडत ‘कॉन्स’ पुढे सरकवायचे, असा हा साधा करार आहे.

अडचण क्यूंच्या संख्येची आहे. मूळ रचनेत कर्नलच्या वाट्याला प्रत्येक एसएमएमयूमागे एकच क्यू येते आणि सगळ्या कोअरना तिच्यातच लिहावे लागते. २०१९ साली लिनक्स ५.४ मध्ये या क्यूत लॉक न घेता जागा धरण्याची पद्धत आली आणि तिने बराच दिलासा दिला. तरीही एनव्हिडियाच्या ग्रेससारख्या ७२ कोअरच्या प्रोसेसरवर एकाच ‘प्रॉड’साठी होणारी चढाओढ उरतेच. व्हर्च्युअल मशीनमध्ये हा व्यवहार आणखी महाग पडतो. गेस्टने, म्हणजे मशीनच्या आतल्या कर्नलने, आपल्या क्यूत टीएलबी रद्द करण्याची कमांड लिहिली की ट्रॅप होऊन (म्हणजे हार्डवेअर ते लिहिणे अडवून) नियंत्रण क्यूएमू या मशीनचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रामकडे जाते, क्यूएमू ती कमांड आयओएमएमयूएफडी या कर्नलच्या इंटरफेसमार्फत यजमान कर्नलला देतो, कर्नल तिच्यातला व्हीएमआयडी (मशीनचा ओळखक्रमांक) किंवा स्ट्रीम आयडी (उपकरणाचा ओळखक्रमांक) बदलून ती खऱ्या क्यूत टाकतो आणि काम पूर्ण झाल्याची वर्दी त्याच वाटेने गेस्टपर्यंत परत जाते.

ग्रेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या भाषेत टेग्रा२४१ मध्ये, यावर उपाय म्हणून सीएमडीक्यूव्ही नावाचे हार्डवेअर एसएमएमयूला जोडलेले आहे. ते अनेक कमांड क्यू पुरवते आणि त्यांतल्या काही थेट गेस्टच्या हाती देता येतात. त्याचा ड्रायव्हर नोव्हेंबर २०२४ मधल्या लिनक्स ६.१२ मध्ये प्रथम आला. क्यू गेस्टला सोपवण्याचा भाग सप्टेंबर २०२५ मधल्या ६.१७ मध्ये आला. अशा प्रकारच्या हार्डवेअरसाठी ड्रायव्हर लिहिण्याची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांना उपयोगी पडावे, म्हणून हेच उदाहरण समोर ठेवून कामाचा क्रम येथे मांडला आहे. वाचकाला सी भाषा, कर्नलचे डीएमए एपीआय आणि एसएमएमयूव्ही३ ची मूळ रचना माहीत आहे असे धरले आहे.

हार्डवेअरची मांडणी

सीएमडीक्यूव्हीला स्वतःचा एमएमआयओ पट्टा (मेमरीसारखी वाचता-लिहिता येणारी रजिस्टरे) आणि स्वतःचा इंटरप्ट असतो, आणि प्रत्येक एसएमएमयूला त्याची स्वतंत्र प्रत असते. त्याची रचना तीन थरांची आहे. सर्वांत वर एकूण नियंत्रणाची रजिस्टरे असतात. त्याखाली आभासी इंटरफेस येतात. ड्रायव्हरमध्ये त्यांना ‘व्हीआयएनटीएफ’ म्हणतात. सर्वांत खाली प्रत्यक्ष क्यू, म्हणजे ‘व्हीसीएमडीक्यू’ असतात. एका इंटरफेसला काही क्यू नेमून दिल्या की त्या इंटरफेसच्या आत त्यांना शून्यापासून सुरू होणारे स्थानिक क्रमांक मिळतात. इंटरफेस किती, क्यू किती आणि एका व्हीएमला किती स्ट्रीम आयडी बसवता येतात, हे तिन्ही आकडे ‘पॅराम’ रजिस्टरमध्ये लॉगॅरिदमच्या रूपात दिलेले असतात. ते तेथूनच वाचावेत. कोडमध्ये स्थिरांक म्हणून लिहिलेले आकडे चिपच्या पुढच्या आवृत्तीत हमखास चुकतात.

प्रत्येक क्यूची रजिस्टरे दोन निरनिराळ्या पेजांत विभागलेली आहेत, आणि ही विभागणी का केली आहे हे समजल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजणार नाही. पहिल्या पेजमध्ये प्रॉड, कॉन्स, क्यू चालू-बंद करण्याचा बिट, तिची स्थिती आणि चुकांची दोन रजिस्टरे असतात. क्यू मेमरीत कोठे आहे आणि केवढी आहे, हे दुसऱ्या पेजमध्ये लिहायचे असते. पहिले पेज गेस्टला खुशाल देता येते, कारण तेथे काहीही लिहिले तरी नुकसान झाले तर त्याच्याच क्यूचे होते. दुसरे पेज मात्र कधीही देता येत नाही, कारण हार्डवेअर तिथला पत्ता यजमानाचा भौतिक पत्ता म्हणून सरळ वापरते. पेजांचा आकार ६४ केबी ठेवण्यामागे कारण आहे: आर्मवर कर्नल ४, १६ किंवा ६४ केबीच्या पेजांनी बांधता येतो, आणि तिन्ही प्रकारांत फक्त पहिले पेज वेगळे काढून मॅप करता आले पाहिजे.

आधी मूळ ड्रायव्हर तयार करावा

नवी फाइल उघडण्यापूर्वी एसएमएमयूव्ही३ च्या मूळ ड्रायव्हरमध्ये बदल करणे भाग आहे. एकाच क्यूवर विसंबलेल्या त्या कोडमध्ये अनेक फंक्शन थेट एसएमएमयूच्या स्ट्रक्चरमधली क्यू उचलत असत. क्यू तयार करणारे, तिच्यात कमांडांची यादी घालणारे, ती रिकामी होण्याची वाट पाहणारे आणि चुकलेली कमांड ओलांडणारे, अशा प्रत्येक फंक्शनला कोणत्या क्यूवर काम करायचे आहे ते पॅरामीटर म्हणून द्यावे. या पॅचांनी वर्तनात काहीही बदल होऊ नये आणि प्रत्येक पॅच वेगळा कंपाइल व्हावा, म्हणजे पुढे बायसेक्ट करताना, म्हणजे कोणत्या पॅचने बिघाड आला ते शोधताना, दोष नेमका सापडतो. कंटाळवाणे वाटले तरी हे काम नव्या ड्रायव्हरच्या पॅचमध्ये मिसळू नये. तपासणाऱ्याला दोन गोष्टी एकदम पाहायला लावल्या की तो दोन्हींवर शंका घेतो, आणि ते योग्यच असते.

त्यानंतर मूळ ड्रायव्हरमध्ये फंक्शन पॉइंटरांचा एक लहान तक्ता घालावा. त्यात सुरुवातीला चारच गोष्टी पुरतात: स्ट्रक्चर उभी करणे, उपकरण रीसेट करणे, उपकरण काढणे आणि दिलेल्या कमांडसाठी दुय्यम क्यू सुचवणे. शेवटच्या फंक्शनने ‘नल’ दिला तर मूळ क्यू वापरायची, एवढाच नियम मूळ ड्रायव्हरला माहीत असावा. टेग्राची रजिस्टरे, इंटरफेस आणि क्यूंचे क्रमांक यांतले काहीही त्या फाइलमध्ये डोकावू नये. एकच अपवाद सिंक, म्हणजे आधीच्या कमांड पूर्ण झाल्याची हमी देणाऱ्या, कमांडचा आहे. तो पुढे येईल.

नव्या ड्रायव्हरचे स्ट्रक्चर मूळ एसएमएमयू स्ट्रक्चरला पोटात घेते. ‘डेव्हएम-के-रीअलॉक’ने मूळ स्ट्रक्चरची जागा वाढवायची आणि त्याच्या पुढे आपली फील्ड ठेवायची, अशी ही रीत आहे. मूळ स्ट्रक्चर पहिलेच फील्ड असले पाहिजे आणि ते तसे आहे याची खात्री स्टॅटिक अ‍ॅसर्टने कंपाइल होतानाच करून घ्यावी. रीअलॉकने स्ट्रक्चरचा पत्ता बदलू शकतो, म्हणून हा टप्पा प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर उपकरण हाती घेतो त्या वेळी, फार लवकर, कोणीही जुना पॉइंटर जपून ठेवण्यापूर्वी उरकावा.

हार्डवेअर सापडणे आणि मेमरी घेणे

ग्रेसवर एसीपीआय, म्हणजे फर्मवेअरने हार्डवेअरची माहिती तक्त्यांत देण्याची पद्धत, वापरले जाते. एसएमएमयूची ओळख आयओआरटी तक्त्यात असते, तर सीएमडीक्यूव्हीची नोंद डीएसडीटीमध्ये ‘एनव्हीडीए२००सी’ या एचआयडीखाली (हार्डवेअर प्रकाराच्या ओळखीखाली) असते. आयओआरटी नोडचा ओळखक्रमांक आणि डीएसडीटीमधल्या नोंदीचा यूआयडी (त्या प्रतीचा क्रमांक) जुळले की ही जोडी एकमेकांची आहे असे समजावे. जोडी जुळल्यावर त्या एसएमएमयूच्या ऑप्शनांत सीएमडीक्यूव्हीचा बिट चढवावा, एमएमआयओचा पट्टा व इंटरप्ट मिळवावा, पॅराम वाचावे आणि इंटरफेसांसाठी पॉइंटरांचा अ‍ॅरे घ्यावा. प्रोबमध्ये याहून अधिक काही करू नये. विशेषतः क्यूंची मेमरी येथे घेऊ नये.

या शेवटच्या सूचनेला इतिहास आहे. सुरुवातीच्या कोडमध्ये क्यूंची मेमरी प्रोबमध्येच घेतली जात होती. एसएमएमयूचा डीएमए मास्क मात्र त्यानंतर, हार्डवेअरची वैशिष्ट्ये वाचणाऱ्या टप्प्यात ठरतो. तोवर मूळचा ३२ बिटचा मास्कच लागू असतो. साध्या यंत्रांवर हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण पहिल्या ४ जीबीत मेमरी मोकळी असायची. जेथे ते पहिले ४ जीबी राखून ठेवलेले होते तेथे लहानांत लहान क्यूसाठीही मेमरी मिळेना. उपाय म्हणून क्यू उभ्या करण्याचे काम मूळ ड्रायव्हर आपल्या क्यू घेतो त्याच्या शेवटी, स्ट्रक्चर उभी करण्याच्या हुकमध्ये, म्हणजे वरच्या तक्त्यातल्या त्या फंक्शनमध्ये, हलवले गेले. त्याबरोबर आणखी एक सुधारणा झाली: प्रोबच्या वेळी फक्त तो एकच हुक असलेला तात्पुरता तक्ता जोडायचा आणि इंटरफेस व क्यू खरोखर तयार झाल्यावरच पूर्ण तक्ता बसवायचा. त्यामुळे अर्धवट तयार स्ट्रक्चरवर कोणताही हुक चालण्याची शक्यताच राहत नाही.

शोधाच्या टप्प्यात पट्टा मॅप झाला नाही किंवा मेमरी मिळाली नाही, तर एसएमएमयूलाच अपयशी ठरवू नये. ऑप्शनमधला बिट उतरवावा, मूळ क्यूवर परतत असल्याची एक ओळ लॉगमध्ये द्यावी आणि पुढे चालावे. आभासी क्यू ही वेग वाढवणारी सोय आहे. तिच्या अभावी डिस्क दिसत नाही अशी वेळ वापरकर्त्यावर येऊ देणे मला कोणत्याही सबबीवर पटत नाही.

इंटरफेस आणि क्यू चालू करणे

रीसेटचा हुक मूळ एसएमएमयू पूर्ण चालू झाल्यावर शेवटी बोलावला जातो. त्यात प्रथम संपूर्ण सीएमडीक्यूव्ही बंद करून पुन्हा चालू करावा. प्रत्येक चालू-बंदीनंतर संबंधित स्थिती रजिस्टर अपेक्षित मूल्य दाखवीपर्यंत मर्यादित काळ थांबावे, आणि त्यासाठी एकच मदतनीस फंक्शन लिहून ते तिन्ही थरांवर वापरावे. मग एकूण क्यू इंटरफेसांत समान वाटून वाटपाच्या रजिस्टरांत कोणती क्यू कोणत्या इंटरफेसची कितवी, हे लिहावे. शून्य क्रमांकाचा इंटरफेस कर्नलने स्वतःसाठी ठेवावा.

इंटरफेस चालू करताना ‘हायप-ओन’ नावाचा एक बिट लिहिला जातो. हा इंटरफेस हायपरवायझरच्या मालकीचा आहे, असा त्याचा अर्थ होतो आणि अशा इंटरफेसच्या क्यूंवर सर्व कमांड चालतात. हाच ड्रायव्हर गेस्टच्या कर्नलमध्येही चालतो, आणि तेथे हा बिट हार्डवेअरमध्येच शून्याला बांधलेला असतो. ड्रायव्हरने एक लिहिला तरी तो शून्यच राहतो. म्हणून आपण काय लिहिले यावर विसंबू नये. इंटरफेस चालू झाल्यावर रजिस्टर परत वाचावे आणि त्यात जे दिसेल तेच स्ट्रक्चरमध्ये नोंदवावे. आपण यजमानात आहोत की गेस्टमध्ये, हे ड्रायव्हरला विचारावेच लागत नाही, इतकी ही रचना नेटकी आहे.

क्यू सुरू करण्यापूर्वी तिची आधीची अवस्था पुसावी: ती बंद करावी, प्रॉड व कॉन्स शून्य करावेत, पत्त्याची रजिस्टरे शून्य करावीत आणि प्रलंबित चूक असेल तर तिची पोच द्यावी. त्यानंतर दुसऱ्या पेजमध्ये पत्ता व आकार लिहून पहिल्या पेजमधून क्यू चालू करावी. आकार ठरवताना एसएमएमयूच्या आयडीआर१ रजिस्टरमधली मर्यादा आणि कर्नलला सलग घेता येणारी मेमरी यांतली लहान मर्यादा धरावी. इंटरफेसमध्ये क्यू जोडताना चढत्या क्रमाने जोडाव्यात आणि काढताना उतरत्या क्रमाने काढाव्यात. हा हार्डवेअरचाच नियम आहे.

कोणती कमांड कोणत्या क्यूत

या ड्रायव्हरचा खरा गाभा रजिस्टरांत नसून येथे आहे. कमांड पाठवण्याच्या वेळी दुय्यम क्यू सुचवणारे फंक्शन बोलावले जाते. त्याने चालू कोअरच्या क्रमांकाला इंटरफेसमधल्या क्यूंच्या संख्येने भागून उरलेल्या बाकीची क्यू निवडावी. निवड झाल्यावर थ्रेड दुसऱ्या कोअरवर गेला तरी काही बिघडत नाही, कारण हेतू फक्त गर्दी पांगवण्याचा आहे. कोअर क्यूंपेक्षा जास्त असल्याने एका क्यूत अनेक कोअर लिहिणारच आहेत, म्हणून लॉकशिवाय जागा धरण्याची जुनी पद्धत प्रत्येक क्यूवर तशीच चालू ठेवावी लागते. आपल्याला कोअरमागे एक क्यू मिळाली आहे असे समजून ती पद्धत काढून टाकण्याचा मोह होऊ शकतो, तो टाळावा.

इंटरफेस किंवा क्यू चालू आहे की नाही हे दाखवणारे ध्वज ‘रीड-वन्स’ने वाचावेत आणि ‘राइट-वन्स’ने लिहावेत, कारण तेच ध्वज दुसऱ्या कोअरवरून बदलले जाऊ शकतात. ध्वज उतरलेला असेल तर फंक्शनने ‘नल’ द्यावा, म्हणजे कमांड निमूटपणे मूळ क्यूत जाते.

आता कमांडच्या प्रकाराचा प्रश्न. हायप-ओन नसलेल्या इंटरफेसमध्ये हार्डवेअर मोजक्याच कमांड स्वीकारते. एएसआयडीनुसार (पत्त्यांच्या अवकाशाच्या क्रमांकानुसार) टीएलबी रद्द करणे, आभासी पत्त्यानुसार टीएलबी रद्द करणे आणि उपकरणाच्या आतल्या एटीसीमधली, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रूपांतर-कॅशमधली, नोंद रद्द करणे, या त्या तीन. त्यांच्या जोडीला सिंक. स्ट्रीम टेबलमधली किंवा कॉन्टेक्स्ट डिस्क्रिप्टरमधली नोंद बदलल्याचे कळवणाऱ्या कमांड या क्यूत चालत नाहीत आणि त्या गेस्टच्या मूळ, म्हणजे अनुकरण केलेल्या क्यूतूनच जाव्या लागतात. त्यात तोटा काहीच नाही, कारण त्या क्वचित लागतात आणि हायपरवायझरने त्या पाहणे आवश्यकच असते. म्हणून प्रत्येक क्यूच्या स्ट्रक्चरमध्ये ‘ही कमांड तुला चालते का’ असे विचारणारा पॉइंटर ठेवावा. तो रिकामा असेल तर सर्व कमांड चालतात असे समजावे.

यातूनच सर्वांत नाजूक गोष्ट उद्भवते. सिंक ही कमांड तिच्याच क्यूत तिच्या आधी असलेल्या कमांड पूर्ण झाल्याची हमी देते. दुसऱ्या क्यूतल्या कमांडांविषयी ती काहीही सांगत नाही. एका खिडकीवर मिळालेली पोच दुसऱ्या खिडकीवर भरलेल्या अर्जासाठी चालत नाही, तसाच हा प्रकार आहे. टीएलबी रद्द करण्याची कमांड एका क्यूत आणि तिची सिंक दुसऱ्या क्यूत गेली, तर कर्नल मेमरी मोकळी करतो आणि उपकरण मात्र जुन्या नोंदीने त्याच मेमरीत लिहीत राहू शकते. असा दोष चाचणीत सहसा दिसत नाही. तो पुढे कोणाच्या तरी डेटाची नासाडी करून दिसतो.

म्हणून क्यूची निवड प्रत्येक कमांडमागे न करता बॅचमागे एकदाच करावी. बॅच सुरू करणाऱ्या फंक्शनला पहिली कमांड द्यावी, त्याने क्यू निवडून ती बॅचच्या स्ट्रक्चरमध्ये जपावी, आणि सिंकसहित सगळी यादी त्याच क्यूत घालावी. एका बॅचमध्ये ६४ कमांड मावतात. बॅच भरत असताना तिच्या क्यूला न चालणारी कमांड आली, तर आधीचा भाग सिंक लावून पाठवावा, तो पूर्ण होऊ द्यावा आणि नव्या कमांडसाठी बॅच नव्याने सुरू करावी. एटीसीच्या बाबतीत एक क्रम पाळावाच लागतो: आधी एसएमएमयूची टीएलबी रद्द झाली पाहिजे आणि मग उपकरणाची एटीसी, नाही तर उपकरण जुनीच नोंद एसएमएमयूकडून पुन्हा मागून घेईल. टीएलबीची बॅच तिच्या सिंकपर्यंत थांबत असल्यामुळे एटीसीची बॅच दुसऱ्या क्यूत गेली तरी हा क्रम बिघडत नाही.

वर उल्लेख केलेला अपवाद असा. मूळ क्यूवर सिंक पूर्ण झाल्याची वर्दी एमएसआयच्या, म्हणजे मेमरीत लिहून दिल्या जाणाऱ्या इंटरप्टच्या, रूपाने मेमरीत लिहून घेता येते आणि ड्रायव्हर त्या मेमरीकडे पाहत थांबू शकतो. टेग्रा२४१ च्या आभासी क्यूंवर सिंकमध्ये अशी वर्दी मागताच येत नाही; वर्दी ‘काहीही नाही’ अशी लिहून कॉन्स पुढे सरकेपर्यंत वाचत राहावे लागते. सिंक तयार करणाऱ्या फंक्शनने क्यू मूळ आहे की दुय्यम हे तपासून ते फील्ड बदलावे, आणि वाट पाहणाऱ्या फंक्शननेही तीच तपासणी करावी. दोन्हीकडे एकच मदतनीस फंक्शन वापरावे. एक बाजू बदलून दुसरी विसरली गेली तर ड्रायव्हर कधीच न येणाऱ्या वर्दीची वाट पाहत टाइमआउटपर्यंत बसतो.

चुकांचा इंटरप्ट

इंटरप्ट आल्यावर वरच्या थरातला इंटरफेसांच्या चुकांचा नकाशा वाचावा, मग त्या इंटरफेसमधल्या क्यूंचा नकाशा, आणि मग त्या त्या क्यूचे चुकांचे रजिस्टर. मूळ ड्रायव्हरमधला चूक ओलांडणारा कोडच येथे वापरावा: बेकायदा कमांड असेल तर तिच्या जागी सिंक लिहिली जाते, एटीसीचा टाइमआउट असेल तर सिंक तशीच पुन्हा चालू दिली जाते, कमांड वाचताना अडथळा आला असेल तर वाचन पुन्हा होऊ दिले जाते. शेवटी चुकांच्या रजिस्टरमधून वाचलेले मूल्यच पोचेच्या रजिस्टरमध्ये लिहावे. बेकायदा कमांडच्या जागी लिहिली जाणारी सिंकही वर्दीविनाच असली पाहिजे, नाही तर दुरुस्तीच दुसरी चूक घडवते.

क्यू गेस्टच्या हाती देणे

हा भाग यजमानाचा भाग स्थिर झाल्यावरच हाती घ्यावा. कर्नलमध्येही त्याला मध्ये अनेक आवृत्त्या जाव्या लागल्या, कारण आयओएमएमयूएफडीत आभासी आयओएमएमयू व आभासी उपकरण या वस्तू ६.१३ मध्ये आणि हार्डवेअर क्यू ही वस्तू ६.१७ मध्ये आली.

आभासी आयओएमएमयू निर्माण होताना ड्रायव्हरने एक रिकामा इंटरफेस निवडावा, हायप-ओन शून्य ठेवावा आणि त्यात गेस्टचा व्हीएमआयडी लिहावा. गेस्टने क्यूत टाकलेल्या प्रत्येक टीएलबी कमांडला हार्डवेअर हाच व्हीएमआयडी लावते, म्हणून तो शेजारच्या गेस्टच्या नोंदींना हात लावू शकत नाही. इंटरफेसचे पहिले पेज आयओएमएमयूएफडीच्या एमएमॅपमधून क्यूएमूला उपलब्ध करावे. ऑफसेट व लांबी वापरकर्त्याला परत दिली जाते, आणि मॅपिंग शिल्लक असेपर्यंत ती वस्तू नष्ट करू दिली जात नाही.

एटीसी कमांडमध्ये गेस्ट आपल्याला माहीत असलेला आभासी स्ट्रीम आयडी लिहितो. तो खऱ्या आयडीत बदलण्यासाठी इंटरफेसमध्ये ‘मॅच’ आणि ‘रिप्लेस’ अशा रजिस्टरांच्या जोड्या आहेत. आभासी उपकरण जोडताना आधी रिप्लेसमध्ये खरा आयडी लिहावा आणि मगच वैधतेच्या बिटासह मॅच लिहावे. क्रम उलटा केला तर मधल्या क्षणी आलेली कमांड भलत्याच उपकरणाकडे जाऊ शकते.

गेस्टने क्यूचा पत्ता दुसऱ्या पेजमध्ये लिहिला की ट्रॅप होतो आणि क्यूएमू हार्डवेअर क्यू निर्माण करण्याची विनंती करतो. येथे आयओएमएमयूएफडी गेस्टची ती मेमरी पिन करते (जागेवरून हलू देत नाही) आणि ती भौतिकदृष्ट्या सलग आहे का ते तपासते. ही अट टाळता येत नाही, कारण हार्डवेअर ही मेमरी दुसऱ्या टप्प्याच्या (गेस्टचा भौतिक पत्ता यजमानाच्या भौतिक पत्त्यात बदलणाऱ्या) भाषांतराशिवाय वाचते. व्यवहारात याचा अर्थ असा की गेस्टची मेमरी ह्यूजपेजांवर, म्हणजे मोठ्या आकाराच्या पेजांवर, ठेवावी, नाही तर ४ केबीच्या विखुरलेल्या पेजांवर फार मोठी क्यू उभी राहणार नाही. पत्ता क्यूच्या आकारानुसार अलाइन आहे का आणि मागितलेल्या क्रमांकाच्या आधीची क्यू अस्तित्वात आहे का, हेही ड्रायव्हरने तपासावे. नष्ट करताना उतरता क्रम राहावा म्हणून प्रत्येक क्यूने आपल्या आधीच्या क्यूचा संदर्भ धरून ठेवावा.

सुरक्षेचा एक मुद्दा सहज निसटतो. पहिल्या रचनेत रीसेटच्या वेळीच सगळ्या इंटरफेसांना सगळ्या क्यू कायमच्या जोडल्या जात होत्या. कर्नलच्या स्वतःच्या इंटरफेससाठी ते ठीक होते. परंतु गेस्टने एकच क्यू मागितली आणि इंटरफेसला दोन जोडलेल्या असल्या, तर दुसरी क्यू कोणाच्या हिशोबात नसूनही तिची रजिस्टरे त्याच मॅप केलेल्या पेजमध्ये राहतात. दुष्ट गेस्ट तेथे वाटेल ते लिहून यजमानावर हाताळता न येणाऱ्या इंटरप्टांचा मारा करू शकतो. म्हणून रीसेटमध्ये फक्त कोणती क्यू कोणाची एवढेच लिहावे, पण ‘वाटप झाले’ हा बिट शून्य ठेवावा. तो बिट कर्नलच्या इंटरफेससाठी इंटरफेस चालू करताना आणि गेस्टसाठी क्यू मागितली गेल्यावरच चढवावा. स्थानिक क्रमांकाच्या पत्त्यावर लिहिण्यापूर्वी क्यू जोडलेली असावी लागते, हा नवा नियम त्यामुळे लागू होतो. तो त्या फंक्शनांच्या डोक्यावर टिप्पणीत लिहून ठेवावा.

गेस्टच्या क्यूतल्या चुका यजमानाने दुरुस्त करू नयेत. चुकांचा नकाशा आभासी घटना-क्यूतून क्यूएमूला कळवावा. क्यूएमूने गेस्टला इंटरप्ट द्यावा. चूक ओलांडणे आणि पोच देणे गेस्टचा ड्रायव्हर पहिल्या पेजमधून स्वतः करतो.

चाचणी

ड्रायव्हरमध्ये दोन मॉड्यूल पॅरामीटर आहेत आणि तशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी: एकाने सीएमडीक्यूव्ही पूर्णपणे वगळता येतो, दुसऱ्याने तो चालू ठेवून कमांड मात्र मूळ क्यूतून पाठवता येतात. दुसऱ्यामुळे तुलना प्रामाणिक होते, कारण बाकी सर्व स्थिती तीच राहते. मोजमाप ‘आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=१’ देऊन करावे; सैल पद्धतीत टीएलबी एकगठ्ठा रद्द होते आणि क्यूंवरचा ताण दिसतच नाही. कर्नलमधला डीएमए मॅप बेंचमार्क थ्रेडांची संख्या वाढवत चालवावा. थोड्या थ्रेडांवर फरक न दिसणे स्वाभाविक आहे. चढाओढच नसेल तर कमी होणार काय?

गेस्टमध्ये वेगापेक्षा आधी एक्झिट, म्हणजे गेस्ट थांबून नियंत्रण यजमानाकडे जाण्याचे प्रसंग, मोजावेत. ‘पर्फ केव्हीएम स्टॅट’ चालवून गेस्टमध्ये मॅप व अनमॅपचा मारा केला असता एमएमआयओमुळे होणारे एक्झिट जवळजवळ थांबले पाहिजेत. ते थांबले नाहीत तर गेस्टच्या लॉगमध्ये सीएमडीक्यूव्ही सापडल्याची नोंद आहे का ते पाहावे. बहुधा क्यूएमूने गेस्टच्या डीएसडीटीत दिलेला यूआयडी आयओआरटीमधल्या क्रमांकाशी जुळत नसतो. नोंद असूनही एक्झिट येत असतील तर गेस्टचा हायप-ओन वाचून आलेला शून्य स्ट्रक्चरमध्ये नोंदला गेला आहे का आणि टीएलबीच्या बॅच खरोखर दुय्यम क्यू निवडत आहेत का, हे ट्रेसपॉइंट लावून तपासावे. शेवटी गेस्ट अचानक मारून, म्हणजे एटीसीच्या कमांड अर्धवट असताना क्यूएमू प्रक्रिया संपवून, तोच इंटरफेस नव्या गेस्टला द्यावा आणि जुन्या गेस्टचा व्हीएमआयडी, मॅच रजिस्टर किंवा प्रॉडचे मूल्य त्यात उरलेले नाही ना, हे रजिस्टर वाचून पाहावे.